चाक वाकडे, स्टिअरिंग सरळ!

— बी. ए. द्वितीय वर्ष

वार्षिकांकासाठी लेख द्या, असे सरांनी वर्गात सांगितले तेव्हा आम्हा मित्रांत विषयांची वाटणीच झाली. कुणी हुंडा घेतला, कुणी मोबाइलचे व्यसन, कुणी शेतकऱ्यांच्या आत्महत्या, तर कुणी मराठी भाषेचे भवितव्य. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "मी मोटारीच्या चाकावर लिहितो." सगळा वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "लिही. पण तुला जे ठाऊक आहे तेवढेच लिही."

म्हणून प्रथमच सांगून टाकतो की मी मिस्त्र्याचा मुलगा आहे. मालेगाव तालुक्यात रस्त्याच्या कडेला आमचे गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे काय, तर टिनाची एक शेड, गाडीखाली उतरण्याचा एक खड्डा, दोन जॅक, वेल्डिंगचे एक यंत्र आणि सावलीला एक निंबाचे झाड. बाबा सातवीपर्यंत शिकले आणि नंतर अकोल्याला एका उस्तादाच्या हाताखाली नऊ वर्षे राबले. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. सुटीच्या दिवशी मात्र मी अजूनही खड्ड्यात उतरतो, आणि त्याची मला लाज वाटत नाही. लाज वाटावी अशी गोष्ट वेगळीच आहे, आणि तीच या लेखाचे कारण आहे.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली ही घटना. शेजारच्या गावचे एक निवृत्त गुरुजी आपली मोटार घेऊन आले. मोटार लहान, बारा-तेरा वर्षांची, दुसऱ्याच्या हातून घेतलेली. संध्याकाळच्या वेळी रस्त्यात रोही आडवा आला, गुरुजींनी त्याला वाचवण्यासाठी गाडी वळवली आणि पुढचे डावे चाक रपट्याच्या दगडी कठड्यावर आदळले. डावा मडगार्ड चेपला, बंपर फुटला, दिवा गेला. विमा होता, पण तो फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा. स्वतःच्या गाडीचा खर्च स्वतःच्याच खिशातून.

पत्रा ठोकून झाला, लांबी भरली, रंग चढला. गाडी आरशासारखी दिसू लागली. पण बाबांनी खड्ड्यातून पाहिले तेव्हा डाव्या चाकाचा खालचा आर्म मागच्या बाजूला वाकला होता. ते म्हणाले, "गुरुजी, हा आर्म बदलावा लागते. मंग वाशीमला नेऊन अलाइनमेंट करू." गुरुजींच्या घरी मुलीचे लग्न आठ दिवसांवर आलेले. रंगालाच अठरा हजार लागले होते. बाबा दुसऱ्या दिवशी आर्म आणायला अकोल्याला गेले आणि नेमके त्याच दुपारी गुरुजी पत्रिका वाटता वाटता गॅरेजवर आले. मी एकटाच होतो.

"गाडी चालते तर चांगली रे बेटा," ते म्हणाले, "पण सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरपं राहते. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही. एवढं सरळ करून दे, बाकीचं लग्नानंतर पाहू."

हे काम मला येत होते. गाडी सरळ चालवत आणायची, थांबवायची, स्टिअरिंगच्या मधला नट काढायचा, चक्र ओढून काढायचे आणि खाचांवर फिरवून सरळ दिसेल असे पुन्हा बसवायचे. जुन्या गाडीत एअरबॅग नसल्याने तो अडथळाही नव्हता. वीस मिनिटांचे काम! गुरुजींनी एक चक्कर मारली, खूश झाले, माझ्या पाठीवर हात फिरवला आणि शंभराची नोट दिली.

वाचकहो, मी नेमके काय केले होते? तापाने फणफणलेल्या रोग्याचा थर्मामीटर झटकून पारा खाली आणावा, तसा तो प्रकार होता. चाक वाकडेच होते. मी फक्त चालकाच्या डोळ्यांसमोरचे वर्तुळ सरळ केले. जी एक खूण त्यांना रोज सांगत होती की "गुरुजी, गाडीत काहीतरी चुकले आहे", ती खूण मी माझ्या हाताने पुसून टाकली.

बाबा परतले तेव्हा मी एवढेच म्हणालो की गुरुजी गाडी घेऊन गेले. बाबांनी फोन केला तर गुरुजी म्हणाले, "मिस्त्री, गाडी एकदम सरळ चालते!" बाबांना नवल वाटले, पण ते गप्प बसले. अडीच हजारांचा तो नवा आर्म फळीवर तसाच पडून राहिला.

ऑगस्टमध्ये एका सकाळी गुरुजींची गाडी ट्रॅक्टरला बांधून आमच्या दारात आली. पाऊस सुरू असताना वळणावर पुढची चाके घसरली आणि गाडी रस्ता सोडून सोयाबीनच्या वावरात उतरली होती. आत गुरुजी, त्यांच्या पत्नी आणि माहेरी आलेली ती नवी नवरी. कुणाला खरचटलेसुद्धा नाही. त्या टायरमुळेच गाडी घसरली असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पाऊस होता, वळणही होते. पण बाबांनी पुढचा डावा टायर काढून माझ्यासमोर टाकला. बाहेरून पाहावे तर नक्षी शाबूत. आतल्या कडेला मात्र रबर संपून तारा बाहेर आल्या होत्या! मग बाबा गाडीत बसले आणि त्यांनी स्टिअरिंग आधी डावीकडे शेवटपर्यंत, मग उजवीकडे शेवटपर्यंत फिरवून पाहिले. दोन्हीकडचे फेरे सारखे भरले नाहीत. त्यांना सारे उमगले.

"हे कोनं केलं?" त्यांनी विचारले. मी मान खाली घातली. त्यांनी मारले नाही, ओरडलेही नाहीत. एवढेच म्हणाले, "स्टिअरिंग सरळ केलं बाप्पा, आता चाक कोन सरळ करीन?"

तो प्रश्न मी अजून विसरलो नाही. तो केवळ मला विचारलेला आहे असेही मला आता वाटत नाही. अपघातानंतर दुरुस्त होऊन आपल्या रस्त्यांवर परत येणाऱ्या गाड्यांपैकी कितींची चाके खरोखर मोजलेली असतात, आणि कितींचे केवळ स्टिअरिंग सरळ केलेले असते? माझे म्हणणे सरळ आहे: अपघातातून उठलेली गाडी केवळ दिसण्यावरून रस्त्यावर सोडू नये. ती मोजावी, मोजमापाचा कागद मालकाच्या हाती द्यावा, आणि मोजमाप जुळत नसेल तर "गाडी तयार नाही" असे म्हणण्याची ताकद मिस्त्र्याच्या अंगी असावी.

आता हे मोजायचे म्हणजे काय, ते मला समजले तसे सांगतो. उभे राहून स्वतःच्या पायांकडे खाली पाहा. पंजे आत वळले आहेत की बाहेर? चाकांच्या याच वळण्याला टो म्हणतात. आता गाडीच्या समोर उभे राहा. चाकाचा माथा आत झुकला आहे की बाहेर? तो कॅम्बर. तिसरा कोन कॅस्टरचा, आणि तो सायकलवाल्यांना चांगला ठाऊक आहे. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो म्हणून चालत्या सायकलवरचे हात सोडले तरी चाक आपोआप सरळ राहू पाहते. मोटारीच्या चाकाचा आसही असाच मागे कललेला असतो. कठड्यावर आदळून एक चाक मागे सरकले की त्या बाजूचा कॅस्टर घटतो आणि गाडी त्याच बाजूला ओढू लागते.

हे कोन अंशाच्या लहान लहान भागांत मोजतात, म्हणून डोळ्याला ते दिसत नाहीत. "अर्ध्या अंशाने काय बिघडते?" असे मीही म्हणत असे. पण दहावीचे त्रिकोणमितीचे पुस्तक काढून हिशेब केला तेव्हा थक्क झालो. चाक आपल्या वाटेपासून अर्धा अंश वाकडे धावत असेल तर दर किलोमीटरला ते जवळपास पावणेनऊ मीटर आडवे घासले जाते. वाशीम ते अकोला सुमारे ८० किलोमीटर. म्हणजे एका खेपेत सातशे मीटर! टायर जमिनीवर ठेवून सातशे मीटर आडवा फरफटत नेला तर त्याचे काय होईल? गुरुजींच्या टायरचे तेच झाले.

माझे आजोबा ही गोष्ट त्रिकोणमितीशिवाय जाणत होते. ते सांगत की बंडीचा आख वाकला की आधी बंडी बोलत नाही, बैल बोलतो. एका बैलाच्या खांद्याला घट्टे पडू लागले की बंडी तपासावी. मोटारीचा बैल म्हणजे टायर. इंग्रजीतही टायरच्या कडेला 'शोल्डर', म्हणजे खांदाच म्हणतात! एका बाजूचा खांदा झिजला की समजावे, ओझे वाकडे आहे. फरक इतकाच की बैलाचा खांदा रोज आपल्या डोळ्यांसमोर असतो, टायरची आतली कड खाली वाकल्याशिवाय दिसत नाही.

त्या ऑगस्टमध्ये बाबांनी गुरुजींची गाडी कशी तपासली, ते मी खाली बसून पहिल्यांदा नीट पाहिले. आधी त्यांनी हात लावलाच नाही, प्रश्न विचारले. गाडी नेहमीच ओढते की फक्त ब्रेक दाबल्यावर? फक्त ब्रेकवर ओढत असेल तर दोष बहुधा ब्रेकचा. मग हवा तपासली, कारण एका टायरात हवा कमी असली तरी गाडी त्या बाजूला जाते. त्यानंतर पुढचे दोन चांगले टायर चढवून त्यांची अदलाबदल केली. टायर बदलल्यावर ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. ओढ जागची हलली नाही, तेव्हा दोष गाडीचा ठरला. शिवाय पाणी वाहून जावे म्हणून आपले रस्ते कडेला उतरते असतात आणि आपण डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे चांगली गाडीसुद्धा किंचित डावीकडे जाते. म्हणून बाबांनी बाजार समितीसमोरच्या सपाट फरशीवर गाडी दोन्ही दिशांना चालवून पाहिली.

मग जॅकवर चढवून चाक हलवून पाहिले, बॉल जॉइंट आणि टाय-रॉडचे सांधे ढिले नाहीत ना याची खात्री केली. सांधा ढिला असताना कोन मोजणे म्हणजे हलत्या तराजूत सोने तोलणे! त्यानंतर टेप घेऊन पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजले. डावी बाजू तेरा मिलिमीटर कमी भरली. मग ओळंबा सोडून गाडीखालच्या ठरावीक भोकांच्या खुणा फरशीवर घेतल्या आणि तिरके कर्ण मोजले. कर्ण सारखे आले, तेव्हा बाबांचा जीव खाली पडला. सांगाडा शाबूत होता, फक्त आर्म वाकला होता. नवा आर्म बसवल्यावर शेवटी त्यांनी गाडी पाण्याच्या डबक्यातून सरळ काढली आणि ओल्या चाकोऱ्या पाहिल्या. मागचे चाक पुढच्याच्या चाकोरीत पडले पाहिजे. ते न पडता गाडी तिरपी धावत असेल तर दोष मागच्या आसापर्यंत गेलेला असतो. एवढे सगळे झाल्यावर गाडी वाशीमला अलाइनमेंटच्या मशीनवर गेली. टेप, दोरी, ओळंबा आणि डबके! यांतले काय गरीब गॅरेजला परवडत नाही?

मशीनवरचा अनुभव मात्र डोळे उघडणारा होता. पडद्यावर आकडे येतात, बरोबर असतील ते हिरवे आणि चुकीचे ते तांबडे. बहुतेक लहान मोटारींत पुढच्या चाकांचा टो तेवढा नट फिरवून बदलता येतो, बाकीचे कोन जागीच घडवलेले असतात. एखाद्या अपघाती गाडीचा टो हिरवा झाला की "झाली अलाइनमेंट" म्हणून चारशे रुपये घेतले जातात, आणि कॅम्बर-कॅस्टरचे तांबडे आकडे असलेला कागद मालक घडी घालून खिशात ठेवतो. तो कागद म्हणजे जणू रक्ताचा रिपोर्ट आहे, आणि तो वाचायला कुणी तयार नाही!

त्या कागदावर आणखी एक आकडा असतो. चाक ज्या आसाभोवती वळते त्या आसाचा आतल्या बाजूचा कल. जुने मिस्त्री त्याला किंगपिनचा कोन म्हणतात. तो कुठलाही नट फिरवून बदलता येत नाही, म्हणूनच अपघाती गाडीचा तो सर्वांत प्रामाणिक साक्षीदार आहे. कॅम्बर बिघडला, पण हा कल दोन्ही बाजूंना सारखा असेल, तर चाकाजवळचा नकल किंवा शॉकअप वाकलेला असण्याचा संभव. दोन्ही एकदमच बिघडले असतील तर खालचा आर्म वाकला आहे किंवा वरचा पत्रा सरकला आहे.

पत्रा सरकला म्हणून चाक कसे वाकडे होते, असे कुणी विचारील. इथेच आपल्या समजुतीत मोठी चूक आहे. जुन्या जीपला खाली लोखंडी चेसिस असे, वरची बॉडी म्हणजे केवळ अंगरखा. तो फाटला तरी हाडे शाबूत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि आपल्या खेड्यापाड्यांत वेगळ्या बांधणीच्या मोटारी रुळल्या. यांत वेगळी चेसिस नाही, पत्र्याची पेटी हाच सांगाडा. पुढच्या शॉकअपचे वरचे टोक थेट आतल्या पत्र्याला बोल्टने जोडलेले असते. तो पत्रा अपघातात आत ढकलला गेला आणि डेंटरने केवळ बाहेरून ठोकून शोभिवंत केला, तर चाकाचा माथा वाकडाच राहतो. आपण मात्र अजून जीपच्याच काळात आहोत. "पत्र्यावरच गेलं, इंजिन वाचलं" असे म्हणून सुटकेचा श्वास टाकतो!

हा प्रश्न आजच आपल्या जिल्ह्यासमोर का उभा आहे? कारण आपल्या दारात नवा रस्ता आला. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग आपल्या मालेगाव, मंगरूळपीर आणि कारंजा तालुक्यांतून जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर–शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा पूर्ण मार्ग खुला झाला. मोटारींना तिथे ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, म्हणजे एका सेकंदात ३३ मीटर. खड्ड्यांच्या गावरस्त्यावर चाळीसच्या वेगाने जाणारी वाकडी गाडी आपला दोष लपवून ठेवते. खड्डेच इतके की ओढ कुणाची, रस्त्याची की चाकाची, हे कळत नाही. तीच गाडी शेलूबाजारजवळ समृद्धीवर चढली की त्याच दोषाची परीक्षा तिप्पट वेगाने होते. घासणाऱ्या टायरला वेगाने ताप चढतो, आणि त्यात हवा कमी असली तर विचारूच नका.

या मार्गावर अपघात होऊ लागले तेव्हा २०२३ मध्ये परिवहन विभागाने टायर तपासण्याची मोहीम काढली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्यांना अटकाव सुरू केला. ही गोष्ट चांगलीच झाली. मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी असा नियमही आहे. परंतु गुरुजींचा टायर आठवा! बाहेरून नक्षी शाबूत, आतून तारा उघड्या. आणि समजा, झिजलेला टायर सापडला आणि मालकाने नवा चढवला, तरी त्याला झिजवणारे चाक तर तसेच राहिले. बैलाच्या खांद्यावर हळद लावायची आणि आख तसाच वाकडा ठेवायचा, अशातली गत!

कायदा याबाबत काय म्हणतो ते मी आमच्या गावच्या एका वकिलांकडून समजावून घेतले. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १३६ प्रमाणे अपघातातील वाहनाची तपासणी करता येते. पण ती अपघात कसा झाला हे शोधण्यासाठी असते. गाडी दुरुस्त होऊन रस्त्यावर परत येताना तिचे काय? भाड्याच्या आणि मालाच्या गाड्यांना ठरावीक मुदतीने फिटनेस घ्यावे लागते, आणि २०२१ च्या नियमांनुसार उभ्या राहणाऱ्या स्वयंचलित तपासणी केंद्रांत ब्रेकबरोबर चाकाची आडवी घसर मोजण्याचीही तरतूद आहे. खासगी मोटारीला मात्र नव्या नोंदणीनंतर पंधरा वर्षे कुणी फिटनेस विचारीत नाही. मधल्या काळात ती तीन वेळा उलटो की चार वेळा ठोकरो! त्याच कायद्याच्या कलम १९० मध्ये मात्र एक महत्त्वाची गोष्ट आहे. साधी काळजी घेतली असती तर ध्यानात आला असता असा धोकादायक दोष असलेली गाडी चालवणे हा गुन्हा आहे. मी या साध्या काळजीवर बराच विचार केला. स्टिअरिंग तिरपे दिसणे ही साध्या काळजीला दिसणारी खूण होती. ती मीच मिटवली. मग गुरुजींनी साधी काळजी घ्यावी तरी कशी? कायद्यापुढे दोषी कदाचित ते ठरले असते, पण खरा दोषी कोण?

यावर जे आक्षेप घेतले जातील ते मला ठाऊक आहेत, कारण ते मी आमच्याच गॅरेजमध्ये ऐकत मोठा झालो. पहिला आक्षेप पैशांचा. ज्याचे सोयाबीन भावाअभावी घरात पडले आहे त्याने आर्म आणि अलाइनमेंटसाठी पैसे कोठून आणावेत? आक्षेप खरा आहे. पण गुरुजींच्या बिलाकडे पाहा. रंगाला अठरा हजार आणि चाकाला शून्य. पैसे नव्हते असे नाही, पैसे आधी कुठे घालायचे हे आम्ही चुकीचे ठरवले. ज्याच्याजवळ पैसे कमी त्याने तर चाक आधी आणि रंग नंतर करावा. चेपलेल्या मडगार्डने आजवर कुणाचा जीव घेतलेला नाही. आणि नवा टायर, ट्रॅक्टरचे भाडे, दुसऱ्यांदा ठोकलेला पत्रा, हे सारे मिळून शेवटी त्या आर्मच्या कितीतरी पट झालेच ना?

दुसरा आक्षेप अनुभवाचा. "तीस वर्षे नजरेने गाड्या जमवल्या, आता मशीन काय शिकवणार?" मला जुन्या मिस्त्र्यांविषयी नितांत आदर आहे, कारण त्यांतले एक माझे वडील आहेत. पण नजर कुठे संपते हे ज्याला कळते तोच खरा उस्ताद. बाबांनी स्वतः टेप धरली, ओळंबा सोडला आणि मगच मशीनकडे गेले. नजरेने संशय घ्यावा, मापाने खात्री करावी.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण आहे. गिऱ्हाईकच म्हणते की रंग चांगला करून द्या, मग मिस्त्र्याने नको म्हणून पोट कसे भरावे? तो नाही म्हणाला तर गाडी दुसऱ्या गॅरेजला जाते. एकट्या मिस्त्र्याने प्रामाणिक राहावे आणि उपाशी मरावे, असे उपदेश करणे सोपे आहे. म्हणूनच गिऱ्हाइकाने, म्हणजे तुम्ही-आम्ही, आपली मागणी बदलली पाहिजे. गाडी घ्यायला गेल्यावर आपण पत्र्यावरून हात फिरवतो आणि चकाकी पाहतो. त्याऐवजी चार गोष्टी मागाव्यात: दुरुस्तीच्या आधीचा आणि नंतरचा अलाइनमेंटचा कागद, दोन्ही बाजूंच्या चाकांमधील अंतराचे माप, बदललेला जुना भाग, आणि स्टिअरिंगचे चक्र काढून बसवले होते का याचे सरळ उत्तर. शेवटचा प्रश्न विचारायला विसरू नका. मी ज्या अर्थी सांगतो त्या अर्थी तो महत्त्वाचा आहे!

शासनानेही यात काही करावे. ज्या अपघातात चाक, स्टिअरिंग किंवा सांगाड्याला मार बसला असेल ती गाडी खासगी असली तरी दुरुस्तीनंतर एकदा तपासल्याशिवाय रस्त्यावर येऊ नये. स्वतःच्या नुकसानीचा विमा असेल तिथे विमा कंपनीने दुरुस्तीच्या बिलाबरोबर मोजमापाचा कागदही मागावा. आणि आमच्यासारख्या टिनाच्या शेडमधील मिस्त्र्यांसाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी सुटीत आठ-पंधरा दिवसांचे वर्ग घ्यावेत. प्रमाणपत्रासाठी बाबा जाणार नाहीत कदाचित, पण तो तांबड्या-हिरव्या आकड्यांचा कागद वाचायला शिकवणार असाल तर नक्की जातील. मला ठाऊक आहे, कारण गेल्या दिवाळीत तो कागद मी त्यांना मराठीत लिहून दिला आणि त्यांनी तो शेडच्या खांबाला चिकटवला आहे.

कुणी म्हणेल, कला शाखेच्या विद्यार्थ्याला या उठाठेवी कशाला? मोटारीचा पुढचा आस वळताना आतले चाक बाहेरच्यापेक्षा जास्त का वळावे, याचा विचार म्युनिकच्या लांकेन्सपर्गर नावाच्या गाडीकाराने १८१७ मध्ये केला आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये आकरमान या गृहस्थाने त्याचे पेटंट घेतले. गंमत अशी की आकरमान हा चित्रे आणि पुस्तके छापणारा प्रकाशक होता, आणि तेव्हा मोटार जन्मलीही नव्हती, गाड्या घोड्यांच्या होत्या! चित्रे विकणाऱ्याला चाकाचे वावडे नव्हते, तर मग आम्हालाच का असावे?

आणि खरे सांगायचे तर मला यंत्रशास्त्र शिकवायचे नव्हतेच. मला एक कबुली द्यायची होती. नव्या आर्मचे आणि मजुरीचे पैसे बाबांनी गुरुजींकडून घेतले नाहीत. गाडी द्यायला मला पाठवले, आणि जाताना म्हणाले, "गुरुजीले खरं सांगजो." मी सांगितले. गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांची मुलगी आतून चहा घेऊन आली आणि तिने कप माझ्या हातात दिला, तेव्हा माझा हात कापत होता. शेवटी गुरुजी म्हणाले, "चूक माझीही आहे बेटा. मी तुला सरळ दिसेल असं कर म्हणालो, सरळ कर म्हणालो नाही." मी खिशातून शंभराची नोट काढून त्यांच्यापुढे ठेवली. ती त्यांनी घेतली, याचे मला बरे वाटले.

मित्रहो, तुमच्यापैकी कुणाच्या घरी अपघातातून दुरुस्त झालेली गाडी असेल तर आज घरी गेल्यावर एक करा. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून पुढच्या टायरच्या आतल्या कडेवरून हलकेच हात फिरवा. पाच मिनिटेही लागणार नाहीत. हाताला तार लागली किंवा एक कड दुसरीपेक्षा गुळगुळीत वाटली, तर ती गाडी घेऊन समृद्धीवर चढू नका. आधी मिस्त्र्याकडे जा आणि त्याला सांगा, "रंग राहू द्या, चाक मोजा."